नाटकाची तिसरी घंटा नेमकी कोण ठरवतं? पडदा उघडण्याआधी आत आणि बाहेर काय सुरू असतं?

तिकिटावर वेळ रात्री ८.३० ची. घड्याळात ८.४० झाले, दुसरी घंटा कधीच होऊन गेली, तरी दर्शनी पडदा बंदच. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या सुरू करतं आणि बघता बघता अख्खं सभागृह ताल धरतं. ‘कलाकार आले नसतील अजून,’ असा शेजारच्या खुर्चीतून निष्कर्षही निघतो.

कधी कधी ते खरं असतं. पण कितीतरी वेळा कलाकार रंगभूषा करून विंगेत उभे असतात आणि खोळंबा झालेला असतो बाहेर, तिकीट खिडकीपाशी किंवा दारात. पडदा उघडायचा तर दोन बाजूंनी ‘हो’ यावं लागतं. इंजिनीअरिंगच्या भाषेत हे ‘अँड गेट’ आहे. एक ‘हो’ कमी पडला की दिवा लागत नाही.

कोण काय पाहतं?

रंगमंच व्यवस्थापकाकडे पडद्यामागचं सगळं असतं. सेट पक्का बसला का, पहिल्या प्रवेशात लागणारी प्रॉपर्टी जागेवर आहे का, लाईट आणि संगीतवाले सज्ज आहेत का, कलाकार रंगपटातून निघाले का, हे तो पाहतो. प्रेक्षागृहाच्या व्यवस्थापकाकडे पडद्यापुढचं असतं. दारं, खुर्च्या, एसी, तिकिटांवरून झालेले वाद, व्हीलचेअरवरून आलेले आजोबा, सगळं त्याच्याकडे.

गंमत अशी की मधला पडदा बंद असल्यामुळे दोघांनाही एकमेकांची बाजू दिसत नाही. म्हणून तर पडद्याच्या फटीतून ‘हाऊस’ किती भरलंय हे पाहायची सवय नाटकवाल्यांमध्ये इतकी मुरलेली आहे.

मराठी व्यावसायिक नाटकात मामला थोडा आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण इथे बाहेरची बाजू एका माणसाकडे नसते. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर किंवा ठाण्याचं गडकरी रंगायतन महापालिकेचं आहे. तिथला व्यवस्थापक इमारतीचा, विजेचा, सुरक्षेचा मालक. तिकीट खिडकी मात्र नाट्यसंस्थेच्या व्यवस्थापकाच्या हातात. दारात डोअरकीपर. आणि या सगळ्यांमध्ये फोन कानाला लावून पळत असतो तो प्रयोगाचा सूत्रधार. आतल्या माणसाला ‘बाहेर ठीक आहे ना?’ एवढंच विचारायचं असतं, पण ते विचारायचं कुणाला, हे आधी ठरलेलं नसेल तर पाच मिनिटं त्यातच जातात.

वेळ जातो कुठे?

रविवारचं उदाहरण घ्या. एकाच रंगमंचावर सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं. दुपारी ४ ला सुरू झालेलं अडीच तासांचं नाटक वेळेवर संपलं तरी साडेसहा वाजतात. मग तो सेट उतरवून टेम्पोत चढवायचा आणि रात्रीचा सेट आत घ्यायचा. मग ठोकाठोक, लाईट लावणं, माईक तपासणं. एवढं होईपर्यंत प्रेक्षकांना आत सोडता येत नाही. डोक्यावर दिवे टांगायचं काम सुरू असताना खाली गर्दी नकोच असते.

त्यामुळे खरा कळीचा प्रश्न ‘पडदा कधी उघडायचा’ हा नाही, ‘दारं कधी उघडायची’ हा आहे. साधं गणित करू. समजा ८०० प्रेक्षक आहेत, दारं दोन, आणि एका तिकिटाला तीन सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला ४० माणसं आत जाणार. सगळे बसायला किमान २० मिनिटं हवीत, तीही कुणी जिना चढताना थांबलं नाही आणि कुणी चुकीच्या रांगेत बसलं नाही तर. आतून ‘सोडा’ असा निरोप ८.२० ला आला, तर ८.३० चा प्रयोग वेळेवर सुरू होणं तिथेच संपलं. मग कलाकारांना कितीही बोल लावा.

इंग्लंडमध्ये याचं वेळापत्रक बांधलेलं आहे. तिथे कलाकारांना ‘हाफ’चा, म्हणजे अर्ध्या तासाचा, पुकारा होतो तो प्रत्यक्षात पडद्याच्या ३५ मिनिटं आधी. कारण मोजणी पडद्यापासून होत नाही, कलाकार आपापल्या जागी पोचण्याच्या क्षणापासून होते, आणि ती वेळ पडद्याच्या पाच मिनिटं आधीची असते. साधारण याच सुमाराला रंगमंच प्रेक्षागृहाच्या ताब्यात दिला जातो आणि दारं उघडतात. पुढे बाहेरून ‘आमचं झालं’ असा निरोप येईपर्यंत आतला माणूस प्रयोग सुरू करत नाही. आपल्याकडे हे काम तीन घंटांवर, फोनवर आणि अनुभवावर चालतं. अनुभवी माणसं असली की झकास चालतं.

एवढा आटापिटा कशासाठी?

३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आगरोधक पडदा खाली येताना अर्ध्यात अडकला. बाहेर पडायची कित्येक दारं बंद होती, काही कशी उघडायची तेच लोकांना कळेना. ६०० हून जास्त माणसं गेली. आग आतल्या बाजूला दिसते आणि दारं बाहेरच्या बाजूला असतात, हे त्या दिवशी कळलं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा सुदैवाने आत प्रयोग नव्हता. म्हणूनच प्रयोगाआधीच्या बोलण्यात ‘कुठली दारं उघडी आहेत, किल्ल्या कुणाकडे आहेत’ हा प्रश्न आला पाहिजे. तो सर्वांत कंटाळवाणा असतो आणि तोच आधी गाळला जातो.

उशिरा आलेल्यांचं काय?

हेही आधी ठरवायचं असतं. पहिल्याच प्रवेशात नाजूक प्रसंग असेल तर रंगमंच व्यवस्थापक डोअरकीपरला सांगून ठेवतो की पहिला अंधार होईपर्यंत कुणाला सोडू नका. मोबाइलच्या बॅटऱ्या पाजळत रांगेत शिरणाऱ्यांचा त्रास कलाकारांना थेट होतो. मोबाइल वाजण्यावरून तर २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी समाजमाध्यमावर उघड नाराजी मांडली होती. दारातला माणूस अशा वेळी प्रेक्षकांच्या शिव्या खातो. निर्णय त्याचा नसतो, तो आतून आलेला असतो.

मध्यंतरात हीच कसरत पुन्हा होते, फक्त वेळ कमी असतो. सेट बदलून आतली मंडळी दहा मिनिटांत तयार होतात. बाहेर मात्र बटाटेवड्याची रांग अजून वळसा घालून उभी असते आणि स्वच्छतागृहाबाहेर बायकांची त्याहून लांब. घंटा द्यायची की आणखी दोन मिनिटं थांबायचं, हे आतल्या माणसाला रांग पाहून आलेला कुणीतरीच सांगू शकतो.