काळ्या सायकलीला रस्ता हवा

३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, दिल्लीच्या वेशीवरील साहिबाबादच्या ॲटलस कारखान्याच्या फाटकावर ‘ले-ऑफ’ची नोटीस लागली. जानकीदास कपूर यांनी १९५१ मध्ये सोनीपतला सुरू केलेल्या या उद्योगाचे मालनपूर व सोनीपत येथील कारखाने त्याआधीच बंद झाले होते. चर्चा झाली ती कामगारांच्या रोजगाराची, आणि ते योग्यच होते. मात्र ज्या काळ्या, उंच सायकलीवर हा उद्योग उभा राहिला, तिचा विचार फारसा झाला नाही.

ही सायकल मूळची इंग्रजी घडणीची. पण आपल्या खडबडीत रस्त्यांना ती चांगलीच मानवली. तिची २८ इंची चाके लहान खड्ड्यांवरून सहज निघून जातात. पुढचा चिमटा कललेला आणि दोन चाकांमधले अंतर अधिक, त्यामुळे हँडल सावकाश वळते. परंतु मागे दुधाचे कॅन बांधले तरी तोल ढळत नाही. स्वार ताठ बसतो. मनगटांवर भार येत नाही, नजर रहदारीवर राहते. स्प्रिंगची सीट धक्के सोसते आणि चेनकव्हर कपड्यांना तेल लागू देत नाही.

तिचे दोषही खरे आहेत. वजन वीस किलोच्या आसपास, गिअर नाहीत, आणि पावसात पोलादी रिमवर सळ्यांचे ब्रेक नीट धरत नाहीत. हलकी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, गिअर आणि डिस्क ब्रेक ही आधुनिक सायकलीची निर्विवाद देणगी होय. पण बाजारातील स्वस्त ‘माउंटन’ सायकलींत अनेकदा जाड टायर आणि कामचलाऊ सस्पेन्शन तेवढे असते. कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर गायब. यमुनेच्या सपाट खोऱ्यात पर्वतारोहणाचे हे सोंग कशासाठी?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते की, वाहनाची घडण त्याचा ग्राहक कोण मानला गेला हे सांगते. धोरणाचेही तसेच आहे. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या बीआरटी मार्गावर सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा आखला गेला. मोटारींच्या कोंडीची ओरड झाली आणि २०१६ मध्ये तो मार्गच उखडण्यास सुरुवात झाली. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या सायकलस्वाराचे म्हणणे त्या वादात क्षीणच राहिले.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, हे स्वागतार्ह आहे. मात्र स्वस्त सायकल म्हणजे सुरक्षित प्रवास नव्हे. शाळकरी मुलांना वा कामगारांना सायकली देणाऱ्या सरकारी योजनांनी निविदेतच ताठ बैठक, कॅरिअर, चेनकव्हर आणि पावसात धरणारे ब्रेक यांची अट घालावी. पट्टे साहिबाबाद, ओखला, नोएडा अशा औद्योगिक वसाहतींना कामगारवस्त्यांशी जोडणारे असावेत. केवळ उद्यानांभोवती फिरणारे नकोत. जुन्या सायकलीची बैठक आणि नव्या सायकलीचे ब्रेक एकत्र आणणे कारखानदारांना अवघड नाही. त्या सायकलीला निर्धोक रस्ता देणे मात्र शासनाचेच काम आहे.