शहरी पक्ष्यांचे माणसाळणे : निर्भयतेचे अर्थशास्त्र

शिवारातील साळुंकी माणसाची चाहूल लागताच उडून जाते. रेल्वे फलाटावरील साळुंकी मात्र प्रवाशाच्या पायाजवळ दाणे टिपत राहते. माणूस किती जवळ येईपर्यंत पक्षी थांबतो, त्या अंतरास ‘पलायन-अंतर’ म्हणता येईल. शहरी पक्ष्यांत ते त्याच जातीच्या ग्रामीण पक्ष्यांपेक्षा सामान्यतः कमी आढळते.

रोनाल्ड यडेनबर्ग व लॉरेन्स डिल या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये पलायनाच्या वर्तनाची मांडणी चक्क अर्थशास्त्राच्या परिभाषेत केली. पळून जाण्यालाही किंमत असते : ऊर्जा खर्ची पडते, समोरचे अन्न सुटते. जागीच थांबण्यातील धोका या किमतीहून मोठा ठरेल तेव्हाच उडणे परवडते. शहरात दिवसभर शेकडो माणसे जवळून जातात आणि क्वचितच कोणी इजा करते. प्रत्येक पावलागणिक उडणारा पक्षी तेथे उपाशीच राहील. म्हणून तो अनुभवाने सरावतो. अर्थात, हे पाळीव होणे नव्हे. पाळीव प्राण्यांची वीण पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या नियंत्रणाखाली होते. येथे तसे काही घडत नाही.

दिल्लीची घार हे याचे ठळक उदाहरण होय. जुन्या दिल्लीत सदका म्हणून मांसाचे तुकडे हवेत भिरकावण्याची प्रथा आहे; गाझीपूरच्या कचराभूमीवरही घारींचे मोठे थवे उतरतात. जेथे रस्त्यावरील कचरा विपुल आणि असे अन्नदान जवळ, तेथील घारी घरट्याच्या रक्षणासाठी माणसांवर अधिक आक्रमकपणे झेपावतात, असे २०१९ मध्ये प्रकाशित झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे मिळणाऱ्या अन्नाबरोबर धीटपणाही वाढतो.

एका अर्थाने हे अन्न म्हणजे नागरिकांनी पक्ष्यांना दिलेले अनुदानच. त्याचा परतावाही मिळतो : घारी शहरातील सडके मांस विनामूल्य हटवितात. परंतु झेपावणाऱ्या घारीच्या नखांची जखम अन्न टाकणाऱ्यालाच होते असे नाही. अर्थशास्त्रात यालाच ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. सान्निध्याला आरोग्याचीही बाजू आहे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात राजस्थान व मध्य प्रदेशात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, तेव्हा मानवी वस्तीतील पक्ष्यांवर देखरेख ठेवणे भाग पडले.

एकदा सुरू झालेले अनुदान थांबविणे सोपे नसते. कबुतरांच्या विष्ठेमुळे श्वसनविकार होतात, या कारणास्तव २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे पाऊल उचलले गेले, तेव्हा दादरला तीव्र विरोध झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. दिल्लीत कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट जसजशी वाढेल, तसतसे घारींचे अन्नही आटेल. कचरा व्यवस्थापनाच्या आराखड्यांत या बाबीची नोंद क्वचितच घेतली जाते.