कृश देहाचा तगादा
आयोवा येथे 1966 साली डॉ. एडवर्ड मेसन यांनी आरंभिलेली, जठर लहान करून वजन घटविणारी 'गॅस्ट्रिक बायपास' शस्त्रक्रिया पुष्कळांचा मधुमेह आटोक्यात आणते हे निर्विवाद असले, तरी सुमारे 30 मिलिलिटरच्या जठरावर उदरभरणाचा सारा कारभार सोपविल्यावर शरीर आयुष्यभर जो तगादा लावते, त्याची कल्पना कृश देहाचे कौतुक करणाऱ्या आप्तांना क्वचितच असते. गोड खाताच कित्येकांना घाम व भोवळ येते. बी-12 आणि लोह यांची तूट औषधांनी भरावी लागते. आणि उलट्या थांबल्याच नाहीत, तर बी-1 जीवनसत्त्वाअभावी मेंदूस इजा होऊ शकते, जी ग्लुकोजच्या सलाइनपूर्वी थायमिन देण्याची खबरदारी न घेतल्यास कायमची ठरावी. कित्येक वर्षांनंतरही आतडे अडकू शकते. तेव्हा पोटात असह्य कळ आल्यास, अपचन समजून स्वस्थ न बसता, शस्त्रक्रियेचे दस्तऐवज घेऊन तडक रुग्णालय गाठावे.