शिकागोचे पहिले महापौर आणि शेतकऱ्यांची रेल्वे

विल्यम ओग्डेन 1835 साली शिकागोत आले ते मेहुण्यांच्या गुंतवणुकीची जमीन विकून परत जाण्यासाठी. जमीन म्हणजे नुसती दलदल. पण तिचा एक तृतीयांश भाग विकताच सगळी खरेदी वसूल झाली आणि तिशीतले ओग्डेन तिथेच स्थायिक झाले.

मे 1837 मध्ये, चारेक हजार वस्तीच्या या नव्या शहराने त्यांना पहिले महापौर निवडले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबवले आणि देशभर मंदी पसरली. देणी फेडायचीच नाहीत, अशी मागणी शिकागोतही होऊ लागली. स्वतः अडचणीत असूनही ओग्डेन तिच्याविरुद्ध ठाम उभे राहिले. शहराची पत गेली तर पुढे कोणी उभे करणार नाही, हे ते जाणून होते.

त्या मंदीतच गॅलिना आणि शिकागो युनियन रेल्वेची योजना रखडली. 1836 च्या या योजनेनुसार रेल्वे शिशाच्या खाणींच्या गॅलिना गावापर्यंत जायची होती. दहा वर्षांनी ओग्डेन यांनी ती पुन्हा हाती घेतली, तेव्हा शहरातले व्यापारीच बिचकले. धान्याच्या गाड्या घेऊन येणारा शेतकरी जाताना आपल्या दुकानांत खरेदी करतो. रेल्वे आली तर हा बाजार वाटेवरच्या गावांत जाईल, ही त्यांची धास्ती.

मग ओग्डेन आणि त्यांचे सहकारी यंग स्कॅमन शेअर विकण्यासाठी घोड्यावरून गावोगाव हिंडले. पावसाळी रस्त्यांवर चिखलात रुतणाऱ्या गाड्यांनी बेजार झालेल्या शेतकऱ्यांना रेल्वेचे मोल समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी हप्त्यांवर शेअर घेतले. 1848 च्या ऑक्टोबरमध्ये ‘पायोनियर’ हे जुने, विकत घेतलेले इंजिन जहाजातून आले. नोव्हेंबरमध्ये संचालकांना घेऊन निघालेल्या गाडीने परतताना एका शेतकऱ्याचा गहू शहरात आणला.

पुढे ओग्डेन युनियन पॅसिफिक रेल्वेचे पहिले अध्यक्ष झाले. 8 ऑक्टोबर 1871 ला शिकागोच्या आगीत त्यांचे घर गेले आणि त्याच रात्री विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगोच्या वणव्यात लाकडाचा कारखाना. 1877 मध्ये ते वारले.

व्यापाऱ्यांची भीती खोटी ठरली: 1870 पर्यंत शिकागोची वस्ती तीन लाखांच्या घरात पोचली होती. महापौर म्हणून ओग्डेन यांनी शहराची पत राखली आणि पुढे रेल्वेसाठी खेड्यांतून पैसा उभा केला. म्हणून शिकागोच्या भरभराटीचे श्रेय ओग्डेन यांच्याबरोबरच हप्ते भरणाऱ्या त्या शेतकऱ्यांनाही द्यायला हवे.