बाटली दहाची, शेअर कितीचा?

लंचनंतर कॅन्टीनच्या फ्रीजमधून एक थंडगार बाटली उचलायची आणि तीनच्या मीटिंगला सामोरं जायचं, हा अनेकांचा रोजचा नेम. मग एखाद्या दिवशी डोक्यात किडा वळवळतो. महिन्याला एवढे पैसे या कंपन्यांच्या खिशात घालतोय, तर थोडे परत का काढू नयेत? यांचेच शेअर घेतले तर?

आयडिया झक्कास आहे. पण डिमॅट उघडून 'कोका-कोला' शोधायला गेलात की पहिली ठेच लागते. आपल्या शेअरबाजारात कोकचा शेअर मिळतच नाही. पेप्सीचाही नाही. दोघींचे शेअर अमेरिकेतल्या बाजारात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून डॉलर पाठवून ते घेता येतात, पण मग रुपया-डॉलरचा हिशोबही आपल्याच गळ्यात.

खरं तर कोकचा शेअर आपल्या आजोबांच्या पिढीला मिळूही शकला असता. १९७३ च्या 'फेरा' कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना इथल्या धंद्यातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं गेलं. कोलगेटने १९७८ मध्ये भारतीयांना शेअर विकले. ते कागद कपाटात सांभाळून ठेवणाऱ्या घरांचं पुढे किती भलं झालं, हे एखाद्या जुन्या ब्रोकरला विचारा. कोकने मात्र १९७७ मध्ये गाशाच गुंडाळला. मैदान मिळालं ते पार्ल्याच्या चौहानांच्या थम्स अपला. १९९३ मध्ये कोक परत आली तेव्हा तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा असे ब्रँड सुमारे सहा कोटी डॉलरना उचलले. मुंबईच्या पांडोळे कुटुंबाची जुनी ड्यूक्स, म्हणजे मँगोलावाली, १९९४ मध्ये पेप्सीकडे गेली. हे सगळे सौदे घरच्या घरी झाले. छोट्या गुंतवणूकदाराला त्यात कुठे शिरायलाच जागा नव्हती!

मग आज हातात काय? पेप्सी बाटलीत भरून दुकानात पोचवणारी कंपनी. नाव वरुण बेव्हरेजेस. पेप्सिकोकडून अर्क घ्यायचा, त्यात पाणी, साखर आणि गॅस घालायचा, बाटली भरायची, ट्रकवर चढवायची. महाराष्ट्राचा बहुतेक भाग २०१९ मध्ये या कंपनीकडे आला. जाहिरातीतला हीरो तिचा नसतो. दुकानाच्या दारातला काचेचा फ्रीज मात्र तिचा असतो, आणि सगळी गंमत त्या फ्रीजमध्येच आहे.

ती बघायला मॉल सोडून जरा लांब जाऊया. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगेकाठी मार्कंडा आहे. ज्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात ते देवळांचं गाव. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. चंद्रपूर-गडचिरोलीच नव्हे, तर पलीकडच्या तेलंगण-छत्तीसगडमधूनही माणसं येतात. उन्हाला नुकती धार चढू लागलेली असते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जाणार असतो. अशा ठिकाणी बाटलीचा मुकाबला दुसऱ्या कोलाशी नंतर, आधी रसवंती, बर्फाचा गोळा आणि लिंबू सरबताशी. तिथे कुणी ब्रँडची निष्ठा बाळगत नाही. थंड आहे का आणि कितीला, एवढे दोनच प्रश्न.

दोन्हींची उत्तरं बाटली भरणाऱ्याकडेच असतात. थंड हवी तर गावात वीज टिकली पाहिजे, फ्रीज पोचला पाहिजे, जंगलातल्या रस्त्याने ट्रक वेळेवर आला पाहिजे. शहरात आपण पितोय तेवढं पितोच आहोत, उलट शुगरच्या धास्तीने कमीच करतोय (आणि बरंच करतोय). वाढ यायची ती अशा लांबच्या दुकानांतून. म्हणून हा शेअर घेणाऱ्याने जाहिरात कमी आणि गावाकडच्या टपऱ्या जास्त पाहाव्यात, असं आमचं स्पष्ट मत.

आता पैशाचं बोलू. वरुणचा इश्यू २०१६ मध्ये ४४५ रुपयांना आला. बाजारात नोंदणी झाली ८ नोव्हेंबरला. हो, तोच दिवस! रात्री आठला नोटाबंदी जाहीर झाली. सुरुवात अशी, की कुणी हौसेने मिरवू नये. समजा, कुणी तेव्हा ४४,५०० रुपयांचे १०० शेअर घेतले आणि विसरून गेला. २०१९, २०२१ आणि २०२२ मध्ये दर दोन शेअरांमागे एक बोनस मिळाला. २०२३ मध्ये एका शेअरचे दोन झाले, २०२४ मध्ये दोनाचे पाच. शंभराचे झाले जवळपास १,६८७. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने मोठ्या संस्थांना ५६५ रुपयांनी नवे शेअर विकले. त्या भावाने याची किंमत साधारण साडेनऊ लाख!

थांबा, लगेच ऑर्डर टाकू नका. एक वर्ष आधी, २०१५ मध्ये, आंब्याचं पेय विकणाऱ्या बडोद्याच्या मनपसंद बेव्हरेजेसचा इश्यू ३२० रुपयांना आला होता. तोही लोकांनी असाच 'उन्हाळा तर दरवर्षी येतोच' म्हणून घेतला. मे २०१८ मध्ये निकालाच्या तोंडावर ऑडिटरने राजीनामा दिला. २०१९ मध्ये जीएसटीच्या प्रकरणात कंपनीच्या वरच्या मंडळींना अटक झाली आणि शेअर मातीमोल झाला. तोच धंदा, तेच ऊन. चव आवडली म्हणून हिशोबाची वही बघायची नाही, हे इथे चालत नाही. ऑडिटर निकालाआधी पळाला, तर आपणही मागे थांबू नये.

वरुणचीही वाट सरळ नाही. अर्काचा भाव पेप्सिको ठरवते, म्हणजे दोरी दुसऱ्याच्या हातात. गॅसवाल्या पेयांवर कर ४० टक्के. त्यात २०२५ चा मे महिना आठवा. पाऊस २६ तारखेलाच मुंबईत! एप्रिल ते जून ही कंपनीची कमाईची तिमाही, आणि त्याच तिमाहीत भारतातला खप सुमारे ७ टक्क्यांनी घटला. ५६५ ला मोठ्या संस्थांनी घेतलेला शेअर त्या वर्षी साडेचारशेच्याही खाली जाऊन आला. धंदा बुडाला नव्हता, पण भाव आधीच आभाळाला टेकला होता.

शिवाय आता कॅम्पा आलीय. रिलायन्सने २०२२ मध्ये हा जुना ब्रँड घेतला, २०२३ मध्ये बाजारात आणला आणि २०० मिलीची बाटली दहा रुपयांना लावली. दुकानदाराला कमिशनही सढळ हाताने. बाकीच्यांना भाव आणि मापं पुन्हा मांडावी लागली. कॅम्पा आवडते म्हणून रिलायन्सचा शेअर घ्यायचा, तर ते एका नारळासाठी अख्खी वाडी विकत घेण्यासारखं आहे. तिथे तेल आहे, मोबाइल आहे, दुकानं आहेत, कॅम्पा त्यातला एक घोट.

तेव्हा घ्यायचाच असेल, तर बोनसच्या पैशातले सगळे नकोत. एसआयपीसारखे थोडे थोडे घ्या, आणि तेही ढगाळ दिवसांत, शेअरकडे कुणी बघत नसताना. कंपनीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर चालतं आणि उन्हाळ्याचा निकाल जुलैअखेरीच्या सुमाराला लागतो. त्यात नफ्याच्या आधी किती पेट्या विकल्या तो आकडा शोधा, आणि मागच्या उन्हाळ्याच्या आकड्याशेजारी ठेवून बघा.