ग्रंथालयाच्या आत (लेखांक 6) : दारूकामाचा माग

परशुराम कृष्ण गोडे 1919 मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात क्युरेटर झाले आणि 1961 मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. हस्तलिखिते सांभाळायची, त्यांच्या नोंदी करायच्या, मागेल त्या अभ्यासकाला पोथी काढून द्यायची, हे त्यांचे काम. ते करता करता त्यांनी 400 हून अधिक शोधनिबंध लिहिले. जिलबी, तंबाखू, नथ, फटाके असे त्यांचे विषय होते.

फटाक्यांचेच घ्या. सूचीत ‘फटाके’ शोधले तर जुने काहीच हाती लागत नाही, कारण उत्तरे भलत्याच ग्रंथांत दडलेली असतात. गोड्यांनी 1443 मध्ये विजयनगरला आलेल्या अब्दुर रझ्झाकचे प्रवासवर्णन पाहिले, ओरिसाच्या प्रतापरुद्रदेवाच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’तील दारूकामाच्या कृती तपासल्या. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील लग्नसोहळ्यात त्यांना दारूकाम सापडले. कोट्याच्या दिवाळीचे महादजी शिंद्यांनी सवाई माधवराव पेशव्यांना केलेले वर्णन त्यांनी पेशव्यांच्या बखरीतून काढले. यांपैकी एकही ग्रंथ कोणी फटाक्यांच्या विषयाखाली नोंदवणार नाही! कपाटातल्या ग्रंथांत काय आहे, हे माहीत असलेला माणूसच असा माग काढू शकतो.

त्याआधी नोंद बिनचूक हवी, आणि ती करणे हेही संशोधनच. संस्कृत ग्रंथकार पुष्कळदा स्वतःचा काळ सांगत नाही. मग दोन्ही बाजूंनी कुंपण घालावे लागते. त्याने काळ ठाऊक असलेल्या ग्रंथातून उतारा घेतला असेल, तर तो त्या ग्रंथानंतरचा. त्याच्या ग्रंथाची सर्वांत जुनी प्रत ज्या वर्षी उतरवली गेली, त्याच्या आधीचा. प्रतीचे वर्ष पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेत सापडते. पण तो आकडा शकाचा की विक्रम संवताचा, हे ओळखता आले पाहिजे. शकात 78 मिळवायचे, संवतातून 57 वजा करायचे. इथे गफलत झाली की ग्रंथ एकदम 135 वर्षे सरकतो, आणि त्या नोंदीवर विसंबून लिहिणारा प्रत्येक अभ्यासक तीच चूक पुढे नेतो.

गोड्यांचा काळ गेला; या कौशल्याची गरज मात्र वाढली आहे. संगणकाने लिहून दिलेल्या संदर्भयादीत लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, पण लेख कधी छापलाच गेला नाही, असे आज घडते. महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे विद्यार्थी अशी यादी घेऊन येतो आणि लेख मागतो. ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर तिथे पुरत नाही. त्या वर्षाचा, त्या खंडाचा अंक काढून अनुक्रमणिका पाहणे, सांगितलेल्या पानांवर प्रत्यक्षात काय छापले आहे ते विद्यार्थ्यासमोर उघडून दाखवणे, आणि त्याला खरोखर काय शोधायचे आहे हे विचारून योग्य लेखापर्यंत नेणे, हे ग्रंथपालाला यायलाच हवे. ग्रंथपालाच्या नेमणुकीत आणि त्याच्या कामाच्या तासांत यासाठी जागा ठेवली पाहिजे. पुस्तकांची देवघेव, गणती आणि अहवाल यांतच त्याचा दिवस संपला, तर अंक उघडून पाहायला तो वेळ आणणार कुठून?

पुढील आठवड्यात : शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’.