स्वतःचा उच्चांक

आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेत सुवर्णपदक एकालाच लाभते. स्वतःचा उच्चांक मात्र प्रत्येकाच्या आवाक्यात असतो. त्याचे मोजमाप तेवढे चोख हवे. पेडणे वा डिचोलीच्या मैदानावर हातघड्याळाने शंभर मीटरला १२.० सेकंद नोंदविणारा विद्यार्थी, २०१४च्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी बांबोळीस उभारलेल्या धावमार्गावर विद्युत्-घड्याळात १२.१५ पाहून खचेल. वस्तुतः हातघड्याळाचा पंच पिस्तुलाचा धूर दिसल्यावर कळ दाबतो. तेवढा विलंब धावपटूच्या पथ्यावर पडतो. म्हणून तुलनेसाठी हातघड्याळाच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवितात. अर्थात पूर्वीची वेळ १२.२४ ठरते, आणि खचलेला विद्यार्थी प्रत्यक्षात पुढेच गेलेला असतो. पदकाविना परतणाऱ्या मुलाला त्याची ही प्रगती दाखवून देणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय.